चार फुटांवरचा चेंडू

गॉल्फ हा खेळ आमच्या पिढींतील फार थोड्यांनीं जवळून पाहिला असेल. तो क्लबांतला, मोठ्या पगाराच्या लोकांचा खेळ, अशी आमची समजूत होती व ती अगदींच निराधार नव्हती. कलकत्त्यास १८२९ सालीं निघालेला रॉयल कलकत्ता गॉल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गॉल्फ क्लब होय; म्हणजे हा खेळ आपल्या देशांत येऊन दोन शतकें होत आलीं, तरी मध्यम स्थितींतल्या घरांत त्याची चर्चा क्वचितच होते. अशा खेळाविषयीं एका सेवानिवृत्त शिक्षकानें लिहावें याचें वाचकांस नवल वाटेल. म्हणून लेखाचें निमित्त आधीं सांगतों.

२०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत दक्षिण कोरियांतील इंचॉन येथें 'प्रेसिडेंट्स कप' नांवाचा सांघिक सामना झाला. एका बाजूस अमेरिकेचा संघ व दुसऱ्या बाजूस युरोप वगळून उरलेल्या जगाचा. ह्या दुसऱ्या संघांत पुण्यास जन्मलेला अनिर्बान लाहिरी हा खेळाडू होता. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या पी. जी. ए. अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत त्यानें पांचव्या क्रमांकाची बरोबरी साधली होती, त्यामुळें आपल्याकडे त्याचें नांव नुकतेंच ऐकूं येऊं लागलें होतें. शेवटच्या दिवशीं त्याची गांठ क्रिस कर्क ह्या अमेरिकन खेळाडूशीं पडली. अठराव्या व शेवटच्या खळग्यापाशीं दोघे समान होते. कर्कचा चेंडू खळग्यापासून सुमारें पंधरा फूट, तर लाहिरीचा सुमारें चार फूट. पाहणाऱ्यांस लाहिरीचें पारडें जड वाटलें. परंतु कर्कचा चेंडू घरंगळत जाऊन नेमका खळग्यांत पडला. आतां बरोबरी राखण्यासाठीं लाहिरीस आपला चार फुटांचा टोला साधावयास हवा होता. त्याचा चेंडू खळग्याच्या कडेस लागला आणि बाहेर पडला. कर्क एका खळग्यानें जिंकला. सबंध सामन्याचा निकाल अमेरिका साडेपंधरा, इतर जग साडेचौदा, असा लागला. लाहिरीचा तो टोला साधता आणि बाकीचें सर्व जसेंच्या तसें राहतें, तर पंधरा-पंधरा अशी बरोबरी होती.

आमच्या घरीं हा प्रसंग चार-पांच जण दूरचित्रवाणीवर पाहत होते. "चार फूट! एवढा तर आपला बंड्यासुद्धां घालील," असें माझे धाकटे बंधु म्हणाले, आणि मीं मान डोलावली. घरांत संख्याशास्त्र शिकणारी माझी नात होती. ती त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं. पण दोन दिवसांनीं तिनें ह्या टोल्यांच्या मोजणीचे आंकडे माझ्यापुढें आणून ठेवले. ते वाचल्यावर मान डोलावल्याचा मला पश्चात्ताप झाला. तो हिशेब वाचकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा उद्देश.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. गॉल्फच्या पूर्ण मैदानावर अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्याभोंवतीं अगदीं आंखूड कापलेल्या गवताची हिरवळ असते. दुरून मोठाले टोले मारीत चेंडू ह्या हिरवळीवर आणावयाचा आणि मग एका सपाट तोंडाच्या काठीनें तो हलकेच घरंगळवीत खळग्यांत घालावयाचा. ह्या शेवटच्या कामास 'पटिंग' व त्यांतील एका टोल्यास 'पट' म्हणतात. 'पट' ह्या शब्दाला मराठींत बुद्धिबळापासून हजेरीपर्यंत इतके अर्थ आहेत कीं, घोंटाळा नको म्हणून मी येथें नुसता 'टोला' म्हणेन. अठराहि खळगे मिळून किती टोले लागावेत याचें एक ठरीव प्रमाण असतें, तें बहुतेक ठिकाणीं ७२ असतें. ह्या बहात्तरांत प्रत्येक खळग्यामागें हिरवळीवरचे दोन टोले धरलेले असतात. म्हणजे निम्मे, छत्तीस टोले ह्या हलक्या कामाचे. तीनशें यार्ड लांब मारलेला टोला आणि तीन फुटांवरून घातलेला टोला, हिशेबांत दोन्ही एकेकच.

गोट्या खेळतांना मुलें जमिनींत जी गल करतात, तिचाच हा खळगा थोरला भाऊ म्हणावा. परंतु त्याचें माप मुलांच्या मर्जीवर नाहीं. १८९१ सालच्या नियमांपासून त्याचा व्यास सव्वाचार इंच ठरलेला आहे. चेंडूचा व्यास १.६८ इंचाहून कमी असतां कामा नये. येथें भूमितीचा प्रवेश होतो. सबंध चेंडू खळग्याच्या तोंडांत मावला पाहिजे असें धरल्यास, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस चेंडूला मिळणारी मुभा ह्या दोन मापांच्या वजाबाकीच्या निम्मी, म्हणजे १.२८५ इंच येते. ही मुभा कायमची. अंतर मात्र वाढत जातें. तेव्हां चेंडू सुटतांना दिशेंत किती अंशांची चूक खपेल, हें त्रिकोणमितीची तोंडओळख असलेला विद्यार्थीहि काढूं शकेल. तीन फुटांवरून ती प्रत्येक बाजूस सुमारें दोन अंश येते. पांच फुटांवरून सुमारें सव्वा अंश. दहा फुटांवरून सहा-दशांश अंश. आणि वीस फुटांवरून तीन-दशांश अंश. अंतर दुप्पट झालें कीं मुभा निम्मी होते.

हे अंश किती सूक्ष्म आहेत तें घड्याळावरून ध्यानांत येईल. मिनिटकांटा एका मिनिटांत सहा अंश फिरतो. दहा फुटांवरून खेळणाऱ्यास प्रत्येक बाजूस जी मुभा आहे, तेवढें अंतर हा कांटा सहा सेकंदांत चालतो. सहा सेकंदांत तो हलला हें आपल्या डोळ्यांस कळतहि नाहीं. आणि खेळाडूच्या मनगटास मात्र तेवढा फरक कळावा अशी आपली अपेक्षा असते.

आतां प्रत्यक्ष मोजणीकडे वळूं. नळोपाख्यानांतील ऋतुपर्ण राजाची गोष्ट वाचकांस आठवत असेल. वाटेंतल्या बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती, हें त्यानें रथांत बसल्या बसल्या सांगितलें. नळाचा विश्वास बसेना म्हणून त्यानें झाड तोडून फळें मोजलीं, तों संख्या बरोबर निघाली. हाच राजा पुढें नळाला फांशांची विद्या देतो. मोजण्याची विद्या आणि फांशांची विद्या ह्या दोहोंची सांगड महाभारतकारांनीं एकाच पुरुषाच्या ठिकाणीं घातली आहे, ही गोष्ट मला शिकवितांना नेहमींच लक्षणीय वाटे. गॉल्फच्या बाबतींत तीच सांगड आमच्या काळांत पुनः घातली गेली.

२००२ सालीं अँड्र्यू गेल्मन व डेबोरा नोलन ह्या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनीं वर सांगितलेल्या भूमितीवरून एक सूत्र बसविलें. त्यांच्यापुढें धंदेवाईक खेळाडूंच्या दोन ते वीस फुटांवरच्या टोल्यांची जी मोजणी होती, ती डोनाल्ड बेरी यांच्या १९९६ सालच्या पाठ्यपुस्तकांतली होती. तींत सहा फुटांवरून मारलेल्या २७२ टोल्यांपैकीं १४९ साधले होते. दहा फुटांवरून २०० पैकीं ६७. वीस फुटांवरून १५२ पैकीं २४. खेळाडूच्या हातून दिशेंत डावीउजवीकडे जी चूक होते तिचें सर्वसाधारण मान दीड अंश आहे, एवढी एकच गोष्ट गृहीत धरली असतां सर्व अंतरांवरचे आंकडे सूत्राशीं बव्हंशीं जुळले. पुढें याहून पुष्कळ मोठी मोजणी हातीं आल्यावर गेल्मन यांस सूत्रांत आणखी एक गोष्ट मिळवावी लागली, ती चेंडूच्या वेगाची. वेग कमी पडला तर चेंडू वाटेंतच थांबतो. अधिक झाला तर खळग्यावरून उडी मारून पलीकडे जातो. दिशा आणि वेग, दोन्ही एकाच वेळीं साधावे लागतात.

ही मोठी मोजणी कशी झाली तेंहि मनोरंजक आहे. अमेरिकेंतील पी. जी. ए. टूर ही संस्था आपल्या स्पर्धांतून प्रत्येक टोल्याची जागा लेसर किरणांच्या यंत्रानें मोजून नोंदवीत आली आहे. कोलंबिया विश्वविद्यालयांतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनीं ह्या नोंदींचा व हौशी खेळाडूंच्या नोंदींचा अभ्यास करून २०१४ सालीं 'एव्हरी शॉट काउंट्स' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील आंकड्यांचा सारांश खालीं देतों. शंभर टोल्यांपैकीं सुमारें किती टोल्यांत चेंडू थेट खळग्यांत जातो, हें त्यावरून कळेल. पहिला आंकडा धंदेवाईक खेळाडूंचा. दुसरा ठरीव प्रमाणाइतक्या टोल्यांत फेरी पुरी करणाऱ्या कसलेल्या हौशी खेळाडूंचा. आणि तिसरा एका फेरीस नव्वदांच्या आसपास टोले घेणाऱ्या सामान्य हौशी खेळाडूंचा.

३ फूट : ९६, ९३, ८४
४ फूट : ८८, ८०, ६५
५ फूट : ७७, ६६, ५०
६ फूट : ६६, ५५, ३९
८ फूट : ५०, ४१, २७
१० फूट : ४०, ३३, २०

ह्या कोष्टकाकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहावें. जगांतले उत्तमोत्तम खेळाडू, ज्यांचा हाच धंदा आणि हाच अभ्यास, ते आठ फुटांवरून निम्म्या वेळां चुकतात. आठ फूट म्हणजे मध्यम माजघराची रुंदी. कसलेल्या हौशी खेळाडूचें हें निम्म्याचें अंतर सहा ते सात फुटांच्या दरम्यान येतें आणि सामान्य खेळाडूचें पांच फुटांवर. पुढें उतरण आणखी वाढते. पंधरा फुटांवरून धंदेवाईक खेळाडूचे शंभरांत सुमारें तेवीस टोले साधतात व सामान्याचे अकरा. वीस फुटांवरून पंधरा व सहा. तीस फुटांवरून सात व दोन.

दुसरी गोष्ट अशी कीं, उत्तम व सामान्य ह्यांतील अंतर सर्वत्र सारखें नाहीं. तीन फुटांवर तें शंभरांत बाराचें आहे. पांच-सहा फुटांवर सत्तावीसांचें होतें. मग पुनः कमी होत तीस फुटांवर पांचांवर येतें. म्हणजे अगदीं जवळून बहुतेकांस साधतें, फार दुरून बहुतेकांस साधत नाहीं, आणि अभ्यासाचें फळ डोळ्यांत भरतें तें मधल्या टप्प्यांत.

मग दूरच्या टोल्यांत निपुणतेला कांहींच किंमत नाहीं काय? आहे, पण ती निराळ्या ठिकाणीं दिसते. तीस फुटांवरून खेळणारा जाणता खेळाडू चेंडू खळग्यांत जाईलच अशी आशा धरीत नाहीं. तो चेंडू खळग्याच्या अगदीं जवळ आणून ठेवतो, म्हणजे पुढचा टोला चुकूं नये. तीस फुटांवरून खळगा पुरा करण्यास तीन किंवा अधिक टोले लागण्याचा प्रसंग धंदेवाईक खेळाडूवर शंभरांत सुमारें पांच वेळां येतो, तर सामान्य खेळाडूवर अठरा वेळां. सरासरीनें दोन टोले पडूं लागतात तें अंतर पहिल्याचें तेहतीस फूट व दुसऱ्याचें एकोणीस फूट आहे. दुरून जवळ आणून ठेवण्याचें हें कौशल्य टाळ्या मिळवीत नाहीं, पण सामना पुष्कळदां त्यावरच राखला जातो.

आतां कोणी म्हणेल, हें सगळें सरासरीचें गणित झालें, मनाचें काय? मन आहेच. १९७० सालीं स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज येथें ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या शेवटच्या खळग्यावर डग सँडर्स ह्या खेळाडूस विजयासाठीं तीन फुटांहूनहि कमी अंतराचा टोला साधावयाचा होता. तो चुकला, आणि दुसऱ्या दिवशींच्या निर्णायक फेरींत जॅक निक्लॉस यानें त्यास एका टोल्यानें हरविलें. अलीकडचें उदाहरण रोरी मॅकिलरॉय ह्याचें. २०२४ च्या हंगामांत तीन फुटांच्या आंतले ४९६ टोले त्यानें एकहि न चुकतां साधले होते. त्या जून महिन्यांत पाइनहर्स्ट येथील यू. एस. ओपनच्या शेवटच्या दिवशीं सोळाव्या खळग्यावर तो अडीच फुटांवरून चुकला व अठराव्यावर पावणेचार फुटांवरून. ब्रायसन डीशँबो एका टोल्यानें जिंकला. ह्याच मॅकिलरॉयनें २०२५ च्या एप्रिलमध्यें ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा जिंकली. आणि तेथेंहि अठराव्या खळग्यावर सुमारें पांच फुटांचा टोला चुकल्यामुळेंच त्यास जादा खळगा खेळावा लागला होता. शंभरांत तेवीस वेळां जें होणार, तें महत्त्वाच्या दिवशीं होणार नाहीं असा कोणताहि करार नसतो.

मनाच्या व्यापाराचीहि मोजणी झाली आहे. डेविन पोप व मॉरिस श्वाइट्झर ह्या दोघांचा पंचवीस लाखांहून अधिक टोल्यांवर आधारलेला निबंध २०११ सालीं प्रसिद्ध झाला. एकाच अंतरावरचे दोन टोले घ्या. एक साधला नाहीं तर ठरीव प्रमाणापेक्षां एक टोला अधिक पडून नुकसान दिसतें. दुसरा साधला तर प्रमाणापेक्षां एक टोला वांचून लाभ दिसतो. शेवटच्या बेरजेंत दोहोंची किंमत सारखीच. तरी पहिल्या जातीचे टोले खेळाडू शंभरांत सुमारें दोन वेळां अधिक साधतात, आणि ह्यांत टायगर वुड्ससारखा श्रेष्ठ खेळाडूहि अपवाद नाहीं, असें त्यांस आढळलें. लाभाच्या ओढीपेक्षां हानीची भीति माणसाकडून अधिक काळजीपूर्वक काम करून घेते, हें व्यवहारांत आपण पाहतोंच; येथें तें आंकड्यांत उतरलें आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र निराळीच गोष्ट. पूर्वीं एखाद्याचें पटिंग चांगलें कीं वाईट हें फेरींत त्यानें हिरवळीवर एकूण किती टोले घेतले यावरून ठरवीत. ही रीत न्यायाची नव्हती. एकाचा चेंडू दर वेळीं चार फुटांवर आणि दुसऱ्याचा तीस फुटांवर असेल, तर त्यांच्या टोल्यांची नुसती तुलना काय कामाची? २०११ पासून पी. जी. ए. टूरनें ब्रॉडी यांच्या अभ्यासांतून निघालेली नवी रीत स्वीकारली. तींत प्रत्येक टोल्याच्या वेळीं प्रथम अंतर पाहतात, त्या अंतरावरून सरासरीनें किती टोले लागतात तें काढतात, आणि खेळाडूनें त्याहून कमी घेतले कीं अधिक, एवढेंच त्याच्या खात्यावर मांडतात. आठ फुटांवरून सरासरी दीड टोला लागतो. एका टोल्यांत साधणाऱ्याच्या नांवें अर्धा जमा, दोन घेणाऱ्याच्या नांवें अर्धा खर्च. तेहतीस फुटांवरून एका टोल्यांत साधल्यास सबंध एक जमा. आणि तीन फुटांवरून? तेथें साधला तर जमा केवळ चार-शतांश. चुकला तर खर्च जवळजवळ एका पूर्ण टोल्याचा.

हें शेवटचें वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलों. घरांतलीं कितीतरी कामें अशीं तीन फुटांवरचीं असतात. वेळेवर चहा, मीठ बरोबर पडलेली आमटी, सासूसासऱ्यांचीं औषधें, मुलांचे डबे. शंभरांत शहाण्णव वेळां तीं बिनबोभाट होतात तेव्हां कोणी कांहीं म्हणत नाहीं. चार वेळां चुकतात तेव्हां सबंध घर बोलून दाखवितें. जमेची बाजू शतांशांची आणि खर्चाची पूर्णांकांची. हें काम करणारीला आपण कधीं हिशेब दाखविला आहे काय?

उलट बाजूहि तितकीच खरी. मीं अनेक वर्षें वर्गांत मुलांस फळ्यापाशीं उभें केलें. घरीं पुस्तकें, शिकविणारा बाप व अभ्यासास कोपरा असलेला मुलगा उत्तर देई, तेव्हां मी शाबास म्हणें. ज्याच्या घरीं यांपैकीं कांहींच नाहीं, असा मुलगा अर्ध्याहून अधिक उदाहरण बरोबर सोडवून शेवटच्या पायरीवर अडखळे, तेव्हां "एवढें सोपें कसें चुकलें?" असें विचारीं. त्यानें तीस फुटांवरून चेंडू दोन फुटांवर आणून ठेवला होता, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. दोघांचे गुण मीं एकाच मापानें दिले आणि त्यासच निःपक्षपात समजलों. आतां ते विद्यार्थी स्वतः आजोबा होत आले. त्यांची क्षमा कोठें मागावी?

असो. लाहिरीच्या टोल्याकडे परत येऊं. ब्रॉडी यांच्या आंकड्यांप्रमाणें पंधरा फुटांवरून धंदेवाईक खेळाडू शंभरांत तेवीस वेळां साधतो आणि चार फुटांवरून बारा वेळां चुकतो. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडण्याचा संभव ह्या दोहोंच्या गुणाकाराइतका, म्हणजे शंभरांत तीन वेळांहूनहि किंचित् कमी. इंचॉनला त्या दिवशीं घडलें तें हें. त्यांत कर्कचें कौशल्य होतें, लाहिरीच्या वांट्यास आलेला क्षणाचा भार होता, आणि उरलेलें सव्वाचार इंचांच्या खळग्याचें गणित होतें. ह्यांत हसण्यासारखें कांहीं नव्हतें.

नातीनें आम्हांस एवढ्यावर सोडलें नाहीं. तिनें गच्चीवर खडूनें सव्वाचार इंच व्यासाचें वर्तुळ काढलें, चार फुटांवर एक रेघ ओढली आणि माझी काठी व एक रबरी चेंडू बंधूंच्या हातीं देऊन चेंडू वर्तुळावरून न्यावयास सांगितलें. लगेच मलाहि तेंच करावयास लावलें. आमचे दहांपैकीं किती टोले साधले, तो आंकडा बंधूंच्या विनंतीवरून येथें देत नाहीं. परंतु तेव्हांपासून आमच्या घरीं कोणाची कांहीं चूक झाली व कोणी तोंड उघडूं लागला, तर दुसरा कोणीतरी हळूच विचारतो, "किती फुटांवरून?" आणि बहुधा बोलणारा थांबतो.